दोन दारांची गुंतवणूक

सर्वेअरसाहेबांनी उभ्या नोकरीत रडणारे मालक पुष्कळ पाहिले. रडणारी गाडी एकही नाही. विमा कंपनीच्या वतीने ठोकलेल्या गाड्या तपासायच्या, हे त्यांचं काम. खिशात कायम खडू. जो भाग ठाकूनठोकून दुरुस्त होईल त्यावर गोल, जो बदलावाच लागेल त्यावर फुली. गाडीभर फुल्याच फुल्या झाल्या, की मालकाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणत, "टोटल लॉस." मग मालक सांगू लागे, की याच गाडीतून लेकीला दवाखान्यातून घरी आणलं, याच गाडीत वडील शेवटचं हसले. साहेब सगळं ऐकून घेत. मध्ये बोलत नसत. शेवटी खडूची बोटं रुमालाला पुसून म्हणत, "खरं आहे. पण आठवणींचा विमा आपण उतरवत नाही."

हे वाक्य त्या धंद्यात इतकं गाजलं, की एका गॅरेजवाल्याच्या बायकोने म्हणे ते लग्नाच्या वाढदिवशी नवऱ्याला ऐकवलं.

नोकरी संपली तरी खडू संपला नाही. घरातल्या ओल आलेल्या भिंतीवर गोल उमटला, मिक्सरवर फुली, आणि एका सकाळी सोफ्यावर गोलाशेजारी प्रश्नचिन्ह. बायकोने ओलं फडकं घेऊन सगळं पुसलं आणि बजावलं, "अहो, माझ्यावर खूण करायच्या आधी निदान मला विचारा."

बायको शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. जगातले सगळे डोंगर तिला पाठ. एकच डोंगर अर्धवट राहिला होता, आणि त्याला कारणीभूत होती घराशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असलेली गाडी.

ही गाडी दोन दारांची, बुटकी, मागे घसरत गेलेल्या छपराची. तिला त्या काळी स्पोर्ट्स गाडी म्हणत. म्हणजे इंजिन कंपनीच्या घरगुती गाडीचं, ब्रेक घरगुती गाडीचे, आणि वर अंग तेवढं चित्त्याचं. उभी असताना भयंकर वेगात दिसायची. चालायला लागली की गैरसमज दूर व्हायचा. मागे सीट होती, पण ती पाय घरी ठेवून येणाऱ्यांसाठी. अशा गाड्या कंपनीने ढिगाने काढल्या. तरुणांनी त्या लग्नाआधी घेतल्या आणि पहिलं मूल झाल्यावर विकल्या. साहेबांनी विकली नाही, एवढाच काय तो तिचा इतिहास.

लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीला ही गाडी डोंगरावरचा घाट अर्धा चढली, एका वळणाच्या अलीकडे तिने वाफ सोडली आणि बसकण मारली. नवरा-बायको तिला उलटी फिरवून, इंजिन बंद ठेवून, उतारावरून घरंगळत खाली आली. पुढे मुलं झाली, मोठी गाडी आली, डोंगरातून बोगदा निघाला आणि सगळं जग बोगद्यातून जाऊ लागलं. घाटाचं नावसुद्धा कोणी काढेना. फक्त बायको मधूनच, भांडी पुसता पुसता, म्हणायची, "त्या वळणापुढे काय होतं, कोण जाणे." तक्रार म्हणून नव्हे. एखादी चाल ओठांवर यावी तसं.

अलीकडे तिने तेही म्हणणं सोडलं होतं. गुडघे गेले होते. हाडांच्या डॉक्टरांनी एक गुडघा बदलायला सांगितला होता आणि ती "बघू, बघू" करत होती. सोफ्यावरून उठताना तिच्या तोंडून "आई गं" निघायचं, आणि ते ऐकलं की वर्तमानपत्रामागे बसलेल्या साहेबांचा चेहरा लांबचलांब व्हायचा.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, "चल, तुला त्या वळणापुढे नेऊन आणतो. त्याच गाडीतून." साहेबांनाही हेच म्हणायचं होतं. पण ज्याने आयुष्यभर लोकांना आठवणी बाजूला ठेवायला लावल्या, त्याच्या जिभेला हे वाक्य वळणार कसं? त्यांनी दोनतीनदा प्रयत्न केला. एकदा तर "चल" एवढं तोंडातून निघालंही. पण पुढे "दूध तापलंय का बघू" असं झालं.

शेवटी एका रविवारी, मेव्हणा जेवायला आलेला असताना, साहेबांनी जाहीर केलं, "मी ती जुनी गाडी दुरुस्त करून घेतोय. गुंतवणूक म्हणून."

मेव्हणा गुंतवणूक सल्लागार. त्याचा घास हातातच राहिला.

"भावोजी, क्लासिक गाडी असती तर मी समजलो असतो. ही नुसतीच जुनी आहे."

"अशा गाड्या आता कमी राहिल्यात. कमी असलेली वस्तू महाग होते."

"कमी राहिल्यात कारण लोक त्या भंगारात घालतायत!"

"तेच म्हणतोय मी. घालू देत. मग आपली एकटीच उरेल."

"ताई, तू काहीतरी बोल याच्यावर."

ताई भात वाढत म्हणाली, "त्यांनी शंभर गाड्यांचं भविष्य सांगितलंय. एखाद्या गाडीचं बरं सांगू दे की."

त्या दिवसापासून मेव्हणा आला की दारातूनच विचारायचा, "भावोजी, गुंतवणूक काय म्हणते?" फोन केला तरी आधी तेच, मग तब्येत. साहेब हसल्यासारखं करायचे. बहीण मात्र हसायची नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

गाडी साहेबांनी नेली ती अशा मिस्त्रीकडे, ज्याची बिलं त्यांनी आयुष्यभर कापली होती. मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर टिचकी वाजवली आणि खुर्ची पुढे केली.

"बसा साहेब. या दिवसाची मी लई वाट बघितली. खडू आणलाय?"

"आणलाय."

"द्या इकडे." मिस्त्रीने खडू घेतला आणि सावकाश, मनापासून, सायलेन्सरवर फुली, दोन्ही दारांच्या खालच्या कडांवर फुली, मडगार्डवर गोल, रेडिएटरवर फुली मारली, आणि शेवटी साहेबांकडे बघून तो क्षणभर थांबला.

"माझं राहू द्या," साहेब म्हणाले.

मिस्त्रीने काम मात्र जीव ओतून केलं. गंजलेला पत्रा कापून नवा घातला, रंग मूळचाच शोधून आणला, काचेभोवतीचं रबर कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावरून पैदा केलं. सुटे भाग मूळचे हवेत, बटणं मूळची हवीत, नाहीतर जाणकार लोक किंमत पाडतात, हे साहेबच त्याला बजावत. आणि एक दिवस साहेबच म्हणाले, "मिस्त्री, शेजारची सीट बदलायची."

"फाटलीय कुठे? शिवून घेतली की झाली."

"फाटली नाही. उंच करायचीय. आणि दार उघडलं की ती बाहेरच्या बाजूला वळली पाहिजे."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, मग ती ओरिजिनल राहत नाही."

"माहीत आहे."

"किंमत पडंल."

"तेही माहीत आहे."

"मग गुंतवणुकीचं काय?"

"मिस्त्री, तुम्ही वेल्डिंग करा."

यासाठी साहेबांनी घरातल्या सगळ्या बैठकींचा रीतसर सर्व्हे केला होता. सोफा: आई गं. पलंग: आई गं. बाल्कनीतलं वेताचं स्टूल: आई गं, आणि वर "अहो, हात द्या". स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची: काही नाही. बायको दुपारी झोपली असताना साहेबांनी त्या खुर्चीची उंची फूटपट्टीने मोजली आणि खुर्चीच्या बुडाखाली, कोणाला दिसणार नाही असा, गोल काढून ठेवला. तेवढी उंची त्या बुटक्या गाडीत मिळणं शक्य नव्हतं. डोकं छपरातून बाहेर आलं असतं. तडजोड तीन बोटांवर झाली. बाकीचं काम वळणाऱ्या सीटने करायचं.

गाडी घरी आली. नवी झूल घालून शेडमध्ये उभी राहिली. आता फक्त म्हणायचं बाकी होतं. साहेब रोज सकाळी झूल काढत, गाडी पुसत, एक वाक्य पुटपुटत आणि झूल घालून परत येत. बायकोला वाटे, नवरा बाजारभावाची वाट बघतोय.

मग एक दिवस ती दातांच्या डॉक्टरांकडून आली. गाल सुजलेला, अर्धं तोंड बधिर, पण डोळे चमकत होते.

"अहो, गिहाईक मिळालं."

"कशाला?"

"गाडीला! डॉक्टरांना जुन्या गाड्यांचा नाद आहे. तोंडात यंत्र होतं म्हणून मला बोलता येत नव्हतं, तर तेच बोलत होते. शेवटी मी चूळ भरली आणि सांगितलं, आमच्याकडे एक आहे म्हणून. रविवारी येतायत."

"एवढी घाई काय होती?"

"तुम्हीच म्हणत होता ना, गुंतवणूक?" ती सुजलेला गाल धरून खुर्चीत बसली. "माझा भाऊ येता-जाता तुम्हाला टोचतो, ते मला दिसत नाही का? एकदा चांगल्या किमतीला विका, त्याच्या तोंडावर आकडा मारा. मला तेवढं ऐकायचंय. बाकी गाडीशी मला काय करायचंय?"

शेवटच्या वाक्याला साहेब उठले. ते शेडमध्ये गेले, गाडीची आधीच पुसलेली काच पुन्हा पुसली आणि परत आले. सांगायला वाक्य एकच होतं, पण आता ते सांगायचं म्हणजे आधीची सगळी वाक्यं खोटी ठरत होती. आणि तिने तर, सुजल्या तोंडाने, त्यांच्यासाठी लढाई मारून आणली होती.

रविवारी दातांचे डॉक्टर आले. गोरेघारे, हसरे, बोटं एकदम स्वच्छ. सोबत छोटी विजेरी आणि दांडीचा गोल आरसा. त्यांनी चाकांच्या वरचा भाग आरशाने पाहिला, बॉनेट उघडून "आ" म्हणाले, पत्र्याला कान लावला.

"भरलंय का कुठे? पुट्टी वगैरे?"

"नाही. जिथे किडलं होतं तिथे कापून नवा पत्रा घातलाय."

"वा! मूळ शाबूत आहे तर." डॉक्टर उठून उभे राहिले. "साहेब, मी तुमच्याबद्दल चौकशी केलीय. लोक तुमच्याबद्दल फारसं चांगलं बोलत नाहीत, पण खोटा आकडा कधी दिला नाही म्हणतात. मी घासाघीस करत नाही. सर्व्हे तुम्हीच करा. दुसऱ्या कोणाची गाडी आहे असं समजून. तुम्ही सांगाल तो आकडा मी देईन."

बायको चहाचा ट्रे घेऊन पायरीवर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर, आपला विद्यार्थी फळ्यापाशी बोलावला गेल्यावर यायचा तसा, भाव होता.

साहेबांनी खिशातून खडू काढला. आणि गंमत अशी, की खडू हातात आल्याबरोबर माणूस बदलला. ते स्वतःच्या गाडीभोवती परक्यासारखे फिरले. पुढचा दिवा मूळचा नाही, फुली. दाराची फट वर-खाली, गोल. घड्याळ बंद, फुली. एक एक करत ते शेजारच्या दारापाशी आले, दार उघडलं, आणि खडू हवेतच राहिला.

डॉक्टर वाकले. "ही सीट मूळची नाही."

"नाही."

"अपघात झाला होता?"

"नाही."

"मग हिला काय झालं होतं?"

"सीटला काही झालं नव्हतं," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी कडेचा खटका दाबला. सीट अलगद वळली आणि दाराबाहेर तोंड काढून थांबली. कोणाला तरी या, बसा म्हणत असल्यासारखी. चहाच्या ट्रेमधले कप किणकिणले.

"हे कोणी केलं? अहो, यानेच तर किंमत पडते! जुनी सीट आहे ना?"

"मिस्त्रीकडे आहे."

"मग काही बिघडलं नाही. ती परत बसवा, गाडी माझी. सीट धरून किंवा सोडून, तुमचा आकडा काय?"

साहेबांनी सीटवर फुली मारली. फुली सरळ आली, सवय होती. मग त्यांनी आकडा सांगितला. जुन्या सीटसकट सांगितला, आणि तरीसुद्धा तो मिस्त्रीच्या बिलाच्या जवळपासही जात नव्हता. त्या बिलाचा आकडा बायकोने पाहिला होता.

"एवढाच?" ती पायरीवरून म्हणाली.

"एवढाच. मूळचीच साधी गाडी आहे. चांगली राखली तर चांगली साधी गाडी होते. डॉक्टर, आवड म्हणून घेत असाल तर जरूर घ्या. गुंतवणूक म्हणून विचाराल, तर..." सवयीने त्यांचा हात मालकाच्या खांद्यावर ठेवायला उठला, मालक कोण हे लक्षात आल्यावर मुकाट खाली आला. "टोटल लॉस."

"मला चालेल," डॉक्टर आनंदाने म्हणाले. "मी आवड म्हणूनच घेतो. सीट कधी बदलताय?"

बायकोने ट्रे पायरीवर ठेवला. कठडा धरून, एकेक पायरी, ती खाली आली.

"अहो, ही उंच सीट कोणासाठी?"

"पाहुण्यांसाठी."

"कुठल्या पाहुण्यांसाठी?"

"ज्यांचे गुडघे दुखतात अशा."

"असे कितीजण येतात आपल्याकडे?"

"येत कोणी नाही," साहेब खडूकडे बघत म्हणाले. "एकजण राहतं."

डॉक्टरांनी घाईघाईने चहा उचलला.

बायकोने सीटकडे पाठ केली, दाराचा आधार घेतला आणि बसली. "आई गं" आलं नाही. तिने स्वतःही दोन क्षण त्याची वाट पाहिली. मग पाय आत घेतले, सीट वळवली, आणि खट्‌ असा आवाज आला.

"हं," ती म्हणाली, "एवढं करून ठेवलंत, आणि तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"ते जमलं नाही."

"गुंतवणूक म्हणे! बरं, आता उतरवा मला. पाहुण्यांना चहा थंड द्यायचा का?"

साहेबांनी खटका दाबला. सीट हलेना. पुन्हा दाबला. डॉक्टर मदतीला धावले, विजेरी पाजळून आत डोकावले. "जोर लावू नका. मुळासकट येईल."

मिस्त्रीला फोन लावला. त्याने आधी पोटभर हसून घेतलं. "साहेब, सपाटीवर अडकतो कधीकधी. म्हणजे, सांगायचं राहिलंच. गाडी चढाला लावा, वजन मागं गेलं की आपोआप सुटंल. जवळपास एखादा चढ नाही का?"

"चढ?" साहेब म्हणाले. फोन कानालाच होता, पण ते बायकोकडे बघत होते.

"आहे एक," बायको म्हणाली. आणि सीटचा पट्टा ओढून लावला.

"पण माझ्या गाडीचं..." डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, चहा प्या, कप पायरीवर ठेवा आणि फाटक लावून जा," बायको काचेतून म्हणाली. "तुम्ही माझ्या तोंडात यंत्र घालून बोलत होता तेव्हा मी ऐकून घेतलं की नाही? आता तुम्ही ऐका. गाडी विकायची नाही."

डॉक्टर मनाचे मोठे. त्यांनी कप उंचावून निरोप दिला, आणि पुढच्या दिव्यावरची फुली जाता जाता बाहीने पुसली.

गाडी बोगद्याच्या तोंडाशी वळली आणि जुन्या रस्त्याला लागली. रस्ता उखडलेला, कडेला गवत माजलेलं, समोरून कोणी नाही. गाडी घरगुती गाडीसारखी धापा टाकत आणि चित्त्यासारखी दिसत वर निघाली. वाटेत फोन वाजला. बायकोने उचलला. मेव्हणाच होता, आणि त्याचा प्रश्न साहेबांनाही ऐकू आला.

"अगदी बुडाली," बायकोने भावाला सांगितलं. "पार बुडाली. तुझंच खरं झालं. आता ठेव, आम्ही फिरायला निघालोय." आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

चढ खडा झाला तसा खालून खट्‌ आवाज आला. खटका सुटला होता. साहेबांनी गाडी कडेला घेतली, हातब्रेक ओढला.

"सुटली. उतरतेस?"

"इथे कशाला उतरू? ते वळण अजून पुढे आहे." तिने त्यांच्या खिशातला खडू काढून घेतला. गडद कपड्यातला गुडघा पुढे केला. "आधी हे सांगा. मी विचारतेय म्हणून सांगा. गोल की फुली?"

साहेबांनी गुडघ्याकडे पाहिलं. बोटाच्या पेराने हलकेच, पत्र्यावर वाजवावं तसं, वाजवलं. त्यांना गोल म्हणायचं होतं. पण खोटा आकडा त्यांना कधी जमला नव्हता.

"फुली," ते म्हणाले. "मी येईन दवाखान्यात सोबत. सगळे दिवस थांबेन."

तिने मान डोलावली आणि स्वतःच्या हाताने गुडघ्यावर फुली काढली. जरा वाकडी आली; तिला सवय नव्हती.

"पण हे वळण झाल्यावर," ती म्हणाली. "चला आता."

गाडी गुरगुरली, तिने एकदा आचका दिला, आणि ती वळण पार करून गेली. मधल्या सगळ्या वर्षांत भूगोलाच्या बाईंनी मनातल्या मनात तिथे काय काय मांडून ठेवलं होतं, कोण जाणे. तिथे एक मोडका कठडा होता, एक गंजलेली पाटी होती, आणि त्यापलीकडे दुसरं वळण.

"त्याच्या पुढे काय असेल हो?" बायको म्हणाली.

साहेबांनी गिअर बदलला.